प्राणवायूला पाणी कशाला?

२३ एप्रिल २०२१ च्या रात्री विशाखापट्टणमहून निघालेली एक मालगाडी नागपूर स्थानकात येऊन थांबली. तिच्या सपाट वाघिणींवर टँकर चढवलेले होते, एकूण सात. कोरोनाची दुसरी लाट ऐन भरात होती. रुग्णालयांत खाटा मिळत नव्हत्या आणि प्राणवायूच्या सिलिंडरसाठी लोक रात्र रात्र वणवण करीत होते. ही पहिली ‘ऑक्सिजन एक्सप्रेस’. तिच्यातले तीन टँकर नागपुरात उतरले आणि उरलेले चार नाशिककडे रवाना झाले.

विद्यार्थी मित्रांनो, त्या टँकरांत नेमके काय होते? द्रवरूप प्राणवायू. त्याचे तापमान शून्याखाली १८३ अंश सेल्सिअस. असा एक लिटर द्रव उकळून वायू झाला की खोलीच्या तापमानाला त्याचे सुमारे ८६० लिटर होतात. म्हणून तर तो टँकरने आणणे परवडते. पण आपल्या आजच्या विषयाच्या दृष्टीने त्याचा दुसरा गुण महत्त्वाचा. तो ठणठणीत कोरडा असतो. प्राणवायू मिळवण्यासाठी कारखान्यात हवा थंड करीत करीत द्रवरूप करतात. त्या थंडीत हवेतल्या बाष्पाचा बर्फ होऊन नळ्या तुंबतील, म्हणून बाष्प आधीच शोषून काढलेले असते. आमच्या नागपूरच्या मे महिन्यातल्या हवेला आपण कोरडी म्हणतो, पण या वायूपुढे ती हवा म्हणजे श्रावणच समजा!

रुग्णालयात हा द्रव बाष्पकात वायू होतो आणि नळांतून खाटेपाशी येतो. खाटेमागच्या भिंतीवर तुम्ही एक उभी काचनळी पाहिली असेल, तिच्यात एक लहानशी गोळी तरंगत असते आणि खाली पाण्याची बाटली असते. वायू त्या पाण्यातून बुडबुडत वर येतो आणि मग नळीने रुग्णाच्या नाकाकडे जातो. पुष्कळांची अशी समजूत असते की, प्राणवायू चालू आहे की नाही हे कळावे म्हणूनच ती बाटली लावलेली असते. काहींना वाटते, पाण्याने वायू धुऊन स्वच्छ होतो. खरे कारण निराळे आहे. कोरड्या वायूला पाणी पाजण्याची ती एक खटपट आहे. मात्र ती खटपट पुरी पडते का, हा प्रश्न दिसतो त्याहून अवघड आहे. त्यासाठी आधी आपल्या नाकाकडे वळले पाहिजे.

नाकाचा कारखाना

नाक म्हणजे वास घेण्याचे आणि हवा आत येण्याचे भोक, एवढेच आपण समजून चालतो. नाकाच्या आत दोन्ही बाजूंना शंखासारख्या वळलेल्या हाडांच्या पडद्या असतात. त्यांच्यामुळे हवेला सरळ वाट न मिळता अरुंद फटींतून, वळणे घेत जावे लागते. आतल्या अस्तराचे क्षेत्रफळ सुमारे दीडशे चौरस सेंटिमीटर भरते, म्हणजे पोस्टकार्डाइतके. अस्तराखाली रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते आणि वर ओलसर श्लेष्मा असतो. ज्याला शेंबूड म्हणून आपण नाक मुरडतो, तोच हा श्लेष्मा! गरम, ओली आणि वळणावळणाची अशी ही वाट हवा एका क्षणात पार करते आणि तेवढ्या वेळात तिचे रूप पालटते.

किती पालटते? स्वेन इंगेलस्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९५६ मध्ये माणसाच्या श्वासमार्गातच अतिसूक्ष्म तापमापके बसवून हे मोजले. नाकाने घेतलेली हवा स्वरयंत्राच्या खाली पोचेपर्यंत जवळजवळ संपृक्त झालेली असते, असे त्याला आढळले. उरलेसुरले काम श्वासनलिका करते. तिला दोन फाटे फुटतात, त्याच्या थोडे खाली हवा बरोबर शरीराच्या तापमानाची, म्हणजे ३७ अंशांची होते आणि तिच्यात मावेल तेवढे सगळे बाष्प भरलेले असते. ३७ अंशांना हे प्रमाण दर लिटरला ४४ मिलिग्रॅम पडते. हे दोन आकडे लक्षात ठेवा: ३७ आणि ४४. फुफ्फुसांना हवा अशीच लागते. बाहेर नवतपा असो की पौषातली पहाट, त्यांना फरक चालत नाही.

का चालत नाही, तेही पाहू. श्वासनलिकेच्या आतल्या पेशींवर केसांहून कितीतरी बारीक तंतू असतात. त्यांना पक्ष्माभिका म्हणतात. सेकंदाला दहा ते पंधरा वेळा त्या एका दिशेने लवतात आणि आपल्या डोक्यावरचा श्लेष्म्याचा पातळ थर घशाकडे ढकलत नेतात. धूळ, जंतू, काजळी, सगळे या सरकत्या पट्ट्यावर चिकटून बाहेर येते. आता यातले पाणी कमी झाले तर? श्लेष्मा घट्ट होतो, पक्ष्माभिका त्यात रुततात आणि पट्टा थांबतो. पुढे तो वाळून त्याच्या खपल्या होतात.

तीन दिवसांचा हिशेब

आता थोडे गणित करू. सापेक्ष आर्द्रता आणि निरपेक्ष आर्द्रता हे शब्द तुमच्या पुस्तकात आहेत. एक लिटर हवेत प्रत्यक्ष किती मिलिग्रॅम बाष्प आहे ती निरपेक्ष आर्द्रता. आणि त्या तापमानाला मावू शकणाऱ्या बाष्पापैकी ते किती टक्के आहे ती सापेक्ष आर्द्रता. (काटेकोर बोलायचे तर बाष्प ‘मावते’ ते हवेत नव्हे. संपृक्त बाष्पाचा दाब तापमानावर ठरतो, हवा असो वा नसो. पण बोलीत हवेत मावते म्हणणेच सोयीचे आहे.) १० अंशांना एका लिटरमध्ये ९.४ मिलिग्रॅम बाष्प मावते, २५ अंशांना २३, ३७ अंशांना ४४ आणि ४५ अंशांना तर ६५.

नागपूरचे तीन दिवस घेऊ. आकडे मी समजुतीसाठी घेतले आहेत, पण ते अवास्तव मुळीच नाहीत. सोनेगावच्या वेधशाळेतील नोंदी पाहाल तर असे दिवस सापडतील. पहिला, नवतपातील दुपार: ४५ अंश, सापेक्ष आर्द्रता १५ टक्के. दुसरा, डिसेंबरची पहाट: १० अंश, ९० टक्के. तिसरा, ऑगस्टमधला पावसाळी दिवस: २७ अंश, ९० टक्के.

पहाटे गवतावर दव पडलेले असते आणि मे महिन्याच्या दुपारी ओठ फुटतात. मग सांगा, डिसेंबरच्या हवेत पाणी जास्त की मेच्या? ६५ चे १५ टक्के म्हणजे ९.८. आणि ९.४ चे ९० टक्के म्हणजे ८.५. दव पडणाऱ्या पहाटेच्या हवेतच पाणी कमी आहे! फुफ्फुसांच्या हिशेबाने दोन्ही दिवस सारखेच कोरडे. मेमध्ये नाकाला दर लिटरमागे ३४ मिलिग्रॅम पाणी घालावे लागते आणि डिसेंबरात साडेपस्तीस. ऑगस्टमध्ये मात्र २७ अंशांना मावणाऱ्या २५.८ चे ९० टक्के, म्हणजे २३ मिलिग्रॅम बाष्प आधीच असते. नाकाला २१ घातले की झाले. (तापल्यावर हवेचे आकारमान किंचित वाढते. तो फरक मी सोडून दिला आहे. शिक्षकांनी हवा तर तो वर्गात काढून घ्यावा.)

हा झाला पाण्याचा हिशेब. उष्णतेचा याहून मजेदार आहे. एक लिटर हवेचे वस्तुमान सुमारे १.२ ग्रॅम आणि ती एक अंशाने तापवायला साधारण १.२ ज्यूल लागतात. ही अगदी किरकोळ उष्णता. पण एक मिलिग्रॅम पाण्याची शरीराच्या तापमानाला वाफ करायला सुमारे २.४ ज्यूल लागतात. तोच आपला अप्रकट उष्मा. म्हणजे डिसेंबरच्या पहाटे एक लिटर हवा १० वरून ३७ अंशांवर न्यायला ३४ ज्यूल आणि तिला पाणी पाजायला ८५ ज्यूल लागतात. बेरीज ११९. ऑगस्टमध्ये १२ अधिक ५०, एकूण ६२.

आणि मेमध्ये? बाहेरची हवा तर ४५ अंशांची, अंगापेक्षा गरम. तिला तापवायचे नसून उलट ८ अंशांनी निववायचे आहे. त्यातून साधारण ९ ज्यूल उष्णता नाकाला मिळते. मात्र ३४ मिलिग्रॅम पाण्याची वाफ करायला ८२ ज्यूल जातात. ९ वजा केले तरी ७३ ज्यूल नाकाच्या रक्तातूनच द्यावे लागतात. म्हणजे भट्टीसारख्या तापलेल्या दुपारी, स्वतःहून गरम असलेली हवा घेताना, आपले नाक ऑगस्टपेक्षा जास्त उष्णता गमावत असते! घराच्या खिडकीतला कूलर जे करतो तेच हे. ओल्या खसातून कोरडी हवा ओढली की ती निवते, कारण वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता ती स्वतःतून देते.

मिनिटाला साडेसात लिटर हवा आपण स्वस्थ बसूनही घेतो. दिवसाला सुमारे १०,८०० लिटर. दर लिटरला ३४ मिलिग्रॅम धरले तर दिवसाचे ३६७ ग्रॅम पाणी होते.

पाणी परत मिळवण्याची युक्ती

पण एवढे पाणी आपण प्रत्यक्षात गमावत नाही. आत येणाऱ्या हवेला उष्णता दिल्यामुळे नाकाचे अस्तर स्वतः थोडे थंड पडलेले असते. बाहेर पडणारी ३७ अंशांची ओली हवा त्या थंड अस्तरावरून जाते तेव्हा तिच्यातले काही बाष्प अस्तरावरच जमते, जसे थंड पाण्याच्या पेल्यावर बाहेरून दव जमते तसे. नाकातून सुटणारा उच्छ्वास ३२ ते ३४ अंशांचा असतो आणि त्यात ३४ ते ३८ मिलिग्रॅमच बाष्प उरते. बाकीचे पाणी आणि त्याबरोबर त्याचा अप्रकट उष्मा घरात परत येतो. तोंडाने श्वास घेतला तर ही वसुली नीट होत नाही. सर्दीत नाक चोंदते आणि रात्री झोपेत घसा कोरडा पडतो, त्याचे हेच कारण.

या युक्तीत उंटाचा हात कोणी धरू शकणार नाही. क्नूट श्मिट-नील्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले की, पाण्यावाचून राहिलेला उंट रात्री जो श्वास सोडतो तो नुसता थंडच नव्हे, तर असंपृक्त असतो. आम्हां माणसांचे नाक एवढे कंजूष नाही.

मे महिन्यात नागपूरच्या रस्त्यावर स्कूटरवरून जाणाऱ्या मुली डोळे तेवढे उघडे ठेवून सगळा चेहरा दुपट्ट्याने गुंडाळतात. ऊन लागू नये हा हेतू खराच, पण नकळत त्या आणखी एक काम करीत असतात. उच्छ्वासातले बाष्प कापडाच्या घड्यांत अडकते आणि पुढच्या श्वासाबरोबर परत नाकात जाते. हे उदाहरण विसरू नका. रुग्णालयात याच तत्त्वाचे एक उपकरण आपल्याला भेटणार आहे.

नाक वगळले तर?

१९५२ साली डेन्मार्कमध्ये कोपनहेगन येथे पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडल्यामुळे रुग्ण गुदमरून मरत होते. ब्यर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने एका बारा वर्षांच्या मुलीच्या गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला. मुलगी वाचली. मग ब्लेगडाम रुग्णालयात सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळीपाळीने, दिवसरात्र, महिनोन्‌महिने अशा पिशव्या दाबत बसले. आजच्या अतिदक्षता विभागाची सुरुवात इथून मानतात.

पण या युगाबरोबर एक नवी अडचण जन्मली. नळी थेट श्वासनलिकेत गेली की नाकाचा कारखाना वाटेतून बादच होतो. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचेही तसेच. नळीतून कोरडा, थंड वायू आत शिरला तर ४४ मिलिग्रॅमची सगळी भरपाई श्वासनलिका आणि तिच्याखालचे बारीक फाटे यांना करावी लागते, आणि ते त्यांचे काम नव्हे. काही तासांतच श्लेष्मा घट्ट होऊ लागतो. त्याचे बोळे होतात. नळी आतून बारीक होत जाते आणि कधी पूर्ण बंदही होते. जी नळी श्वासासाठी बसवली तिनेच श्वास अडावा, असा हा प्रकार. म्हणून अशा रुग्णाला दर लिटरला निदान ३३ मिलिग्रॅम बाष्प असलेला वायू द्यावा, असा संकेत आहे.

आता भिंतीवरच्या बाटलीकडे परत येऊ. खोलीचे तापमान २५ अंश आहे आणि बाटलीतून निघालेला वायू पूर्ण संपृक्त आहे असे मानू. तरी त्यात २३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त बाष्प असूच शकत नाही. तोच वायू आत जाऊन ३७ अंशांचा झाला की त्याची सापेक्ष आर्द्रता उरते २३ भागिले ४४, म्हणजे ५२ टक्के. शंभर टक्के ओला म्हणून निघाला आणि पोचेपर्यंत निम्मा कोरडा झाला! यात कोणी पाणी चोरले नाही. मावण्याची मर्यादा तेवढी वाढली.

एवढ्यावरही भागत नाही. बुडबुडे पाणी घेऊन जातात तेव्हा वाफेसाठी लागणारी उष्णता बाटलीतल्या पाण्यातूनच जाते. मिनिटाला १० लिटर वायू आणि दर लिटरला २० मिलिग्रॅम पाणी धरा: मिनिटाला २०० मिलिग्रॅम, म्हणजे ४८० ज्यूल. बाटलीत पाव लिटर पाणी असेल तर ते मिनिटाला सुमारे अर्ध्या अंशाने निवू लागते. पाणी निवले की कमी बाष्प मावते. ही घसरण, खोलीतून आत येणारी उष्णता तिला तोलून धरीपर्यंत चालते. माझ्या मते ही बाटली म्हणजे अर्धवट उपाय आहे. नाक शाबूत असलेल्या रुग्णाला संथ प्रवाहाने प्राणवायू द्यायचा असेल, तर नाक बाकीचे काम सांभाळून घेते. इतके की मिनिटाला चार लिटरपर्यंतच्या प्रवाहाला बाटलीची गरजच नाही असे पुष्कळ डॉक्टर मानतात. आणि श्वासनलिकेत नळी असेल तर ती मुळीच पुरत नाही.

मग पुरेल असे काय? उत्तर सोपे आहे: पाणीच तापवायचे. व्हेंटिलेटरच्या बाजूला एका तापपट्टीवर पाण्याचे छोटे भांडे बसवलेले असते. वायू या तापलेल्या पाण्यावरून जातो आणि ३७ अंशांना संपृक्त होऊन निघतो. आता भांड्यापासून रुग्णापर्यंत दीड मीटर नळी आहे आणि खोली वातानुकूलित आहे. वाटेत वायू ३० अंशांपर्यंत निवला तर ३० मिलिग्रॅम बाष्प उरते आणि १४ मिलिग्रॅमचे पाणी होऊन नळीतच साचते. मिनिटाला ८ लिटरच्या हिशेबाने दिवसात कपभर पाणी! ते वाहत रुग्णाच्या छातीत जाऊ नये म्हणून नळीच्या सखल भागात पाणी धरणारे कप लावतात आणि परिचारिका ते रिकामे करीत राहतात. सुधारलेल्या यंत्रांत नळीच्या आत तापणारी तार असते. ती वायूला ४० अंशांपर्यंत नेते. बाष्प तेवढेच, ४४. पण मर्यादा ५१ वर गेल्याने पाणी जमत नाही, आणि शेवटच्या वीतभर नळीत तो पुन्हा ३७ वर येतो. दवबिंदूची कल्पना ज्याला नीट समजली त्याला हे यंत्र समजले.

आणि ते दुपट्ट्याचे उपकरण? आगपेटीएवढ्या प्लॅस्टिकच्या डबीत कागदाची किंवा स्पंजासारखी घडी बसवलेली असते. ती नळीच्या तोंडाशी लावतात. उच्छ्वासातले बाष्प आणि उष्णता ती धरून ठेवते आणि पुढच्या श्वासाला परत देते. वीज नको, पाणी नको. तिला ‘कृत्रिम नाक’ म्हणतात. रुग्णाला एका गावाहून दुसऱ्या गावी हलवताना ती फार उपयोगी पडते. पण श्लेष्मा फार आणि घट्ट असेल तर तीच तुंबते. तेव्हा तापलेल्या भांड्याला पर्याय नाही.

कोरोनाच्या काळात ‘हाय फ्लो’ हा शब्द घरोघरी पोचला. यात नाकातूनच मिनिटाला ६० लिटरपर्यंत वायू देता येतो. एवढा वारा कोरडा सोडला तर नाक तासाभरात हात टेकेल, म्हणून इथे तापवून ओला करणे अनिवार्यच. ६० गुणिले ४४, म्हणजे मिनिटाला २.६ ग्रॅम पाणी, दिवसाला जवळजवळ पावणेचार लिटर. एवढी वाफ करायला एकसारखे शंभर वॅट लागतात. आणि तो सगळा शुद्ध प्राणवायू असेल तर दिवसाचे ८६,४०० लिटर होतात, म्हणजे द्रवरूपात शंभर लिटर, एकट्या रुग्णाला! एप्रिल २०२१ मध्ये टँकर का पुरत नव्हते, ते या एका भागाकारातून दिसते.

पाणी कोणते?

नागपूरच्या कूलरच्या खसावर उन्हाळा संपेपर्यंत पांढरे क्षार धरतात, हे तुम्ही पाहिलेच असेल. वाफ होते ती पाण्याची, क्षार मागे राहतात. तापलेल्या भांड्यात नळाचे पाणी घातले तर तेच होईल. जंतूंचा प्रश्न याहून गंभीर आहे. बाष्प म्हणजे पाण्याचे सुटे रेणू. रेणूच्या मानाने जंतू हजारो पट मोठा, तो बाष्पावर बसून जाऊ शकत नाही. पण बुडबुडा फुटतो तेव्हा बाष्पाबरोबर अतिसूक्ष्म थेंबही उडतात आणि थेंबातून जंतू जाऊ शकतो. म्हणून बाटलीत निर्जंतुक पाणीच घालायचे आणि ती वेळच्या वेळी बदलायची. २०२१ मध्ये विदर्भातही ‘काळ्या बुरशी’चे रुग्ण आढळले तेव्हा या बाटलीतल्या पाण्यावर संशय घेतला गेला. तो सिद्ध झालेला नाही. अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइड औषधांचा जास्त वापर ही कारणे अधिक पक्की आहेत. तरीही निर्जंतुक पाण्याचा आग्रह संशयापुरता नसून तत्त्वाचा आहे.

घरच्या वाफाऱ्याबद्दल दोन शब्द. दमट, उबदार हवेने चोंदलेल्या नाकाला बरे वाटते, यात नवल नाही. पण वाफेने शरीरातला विषाणू मरतो, हा त्या काळात घरोघर पसरलेला समज खोटा. आणि वाफ हे खेळणे नव्हे. उकळत्या पाण्याचा एक ग्रॅम त्वचेवर पडून ३७ अंशांपर्यंत निवला तर सुमारे २६० ज्यूल देतो. तेवढीच वाफ त्वचेवर पाणी होऊन निवली तर २,५०० ज्यूल! त्यातही, मुले भाजतात ती बहुधा पातेले कलंडून. म्हणून लहान भावंडांना पातेल्यावर चादर पांघरून बसवू नका.

हे करून पाहा

मत्स्यपेटीला हवा पुरवणारा छोटा पंप, एक रुंद तोंडाची बाटली आणि दोन तापमापके मिळवा. बाटलीत पाव लिटर पाणी घ्या. आदल्या रात्रीपासून ते खोलीत ठेवा म्हणजे त्याचे तापमान खोलीइतके होईल. पंपाची नळी पाण्यात तळापर्यंत सोडा. पंप मात्र पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा, नाहीतर वीज गेली की पाणी नळीतून उलटे पंपात शिरेल. एक तापमापक पाण्यात ठेवा. दुसऱ्याच्या फुग्याला ओल्या मलमलीची पट्टी गुंडाळून ते पंख्याच्या वाऱ्यात टांगा. पंप सुरू करून दर दोन मिनिटांनी पाण्याचे तापमान लिहा आणि आलेख काढा. पाणी निवत निवत कुठे स्थिरावते? ओल्या तापमापकाने दाखवलेल्या अंकाच्या वर किती राहते? बाटलीभोवती जाड टॉवेल गुंडाळला तर त्यात काय फरक पडतो? हा प्रयोग एकदा नवतपात करा, एकदा ऑगस्टमध्ये, आणि दोन्ही आलेख एकाच कागदावर काढा.